जागा कोणी दिली

दिनकर म्हैसने याचं पत्र येऊन पाऊण वर्ष होत आलं, तरी टोपरे सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं, तर तसंही नाही. पत्र त्यांच्या लिहिण्याच्या टेबलावरच होतं, जाड शब्दकोशाखाली. शब्द शोधायला कोश उचलला की ते दिसायचं, आणि काम झालं की कोश पुन्हा त्याच्यावरच ठेवला जायचा.

उत्तर न देणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. माणसांशी समोरासमोर बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटे, पण कागदावर ते मोकळे होत. कोणी लग्नपत्रिका पाठवली तरी ते चार ओळींचा आशीर्वाद लिहून पाठवत. या एका पत्रापाशी मात्र लेखणी अडली होती.

दिनकर त्यांचा विद्यार्थी. शेतकी कॉलेजात सर संख्याशास्त्र शिकवत तेव्हाचा, बाळापूरकडचा, उंच, हसरा मुलगा. पुढे शेतकी खात्यात पर्यवेक्षक झाला. हल्ली कोणी हाताने पत्र लिहीत नाही, पण त्याने लिहिलं होतं, आणि त्यात दोनच प्रश्न विचारले होते.

पहिला असा: "सर, 'झेप'चे आकडे खरे आहेत असं तुमच्या नावानं लिहिलेलं मी रोज वाचतो. तुम्ही स्वतः तपासलं नं?"

आणि दुसरा: "नाडीपट्टा माझ्या मनगटावर असला की पाखरू नेमकं माझ्या जरा आधी पळतं. तोच पट्टा पोरीच्या मनगटावर बांधून मी खेळलो तर असं होत नाही. हे काहून होत असेल? आकडे खरे असतील, तर मीच खोटं पाहून राहिलो का?"

पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणावं, तर दिनकर आणखी खेळणार. दुसरा प्रश्न वाचून तर सरांना त्याच्यासाठी लाजल्यासारखं झालं होतं. योगायोगात माणसाला नसलेली नक्षी दिसते, नादी लागलेल्या माणसाला तर हमखास दिसते, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांचाच विद्यार्थी आता पट्टा कोणाच्या हातावर बांधला यात शकुन-अपशकुन पाहत होता. पन्नाशीच्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून कोश पत्रावर राहिला.

'झेप' हा तेव्हा घरोघरी पोचलेला खेळ. फोनच्या पडद्यावर एक पाखरू जमिनीवरून उडतं. त्याच्याखाली एक आकडा असतो, एकपासून चढत जाणारा. सुरुवातीला संथ चढतो, मग दम धरवत नाही अशा वेगाने. तुम्ही जे काही लावलं असेल, त्याच्या तितके पट तुमचे. अट एकच: पाखरू दिसेनासं होण्याआधी त्याला उतरवायचं. ते केव्हा दिसेनासं होईल हे कोणाला ठाऊक नसतं. गेलं की लावलेलं सगळं गेलं. खेळी काही क्षणांत संपते, आणि माणूस हळहळायच्या आत दुसरं पाखरू उडायला उभं असतं.

या खेळामागचं गणित सरांना पहिल्या दिवशीच उलगडलं होतं. दुपटीपर्यंत पाखरू साधारण दोनांतून एकदा पोचतं, दहापटीपर्यंत दहांतून एकदा, शंभरपटीपर्यंत शंभरांतून एकदा. लवकर उतरवणाऱ्याला थोडं थोडं वारंवार मिळतं, उशिरा उतरवणाऱ्याला पुष्कळ, पण क्वचित. सरासरी काढली तर दोघांच्या हातात सारखंच पडतं, लावल्यापेक्षा किंचित कमी. तो किंचित भाग कंपनीचा. मागच्या दहा खेळींत काय झालं हे पुढच्या खेळीला माहीत नसतं. म्हणजे इथे हुशारीला जागा नाही, संयमालाही नाही.

आकड्यांत कंपनी हात घालत नाही, याचीही सोय होती. खेळ फोनमधल्या टेबलांवर चाले, एका टेबलावर सगळ्यांना एकच पाखरू. प्रत्येक टेबलावरचं पुढचं पाखरू कुठवर जाणार त्याचे आकडे आधीच तयार करून, जणू लिफाफ्यात घालून लाखबंद केलेले असत. लाखेवरच्या ठशाचं चित्र खेळीआधी सगळ्यांना दिसे, खेळी झाली की लिफाफा उघडे. ठसा जुळवून पाहायची मुभा कोणालाही होती. अशी हजारो टेबलं रात्रंदिवस चालू असत.

जुगाराच्या खेळांना सरकारने परवाना दिला तो त्रयस्थ तज्ज्ञाच्या तपासणीच्या अटीवर, आणि कंपनी निवृत्त टोपरे सरांकडे आली. सरांनी लाखो खेळींचे आकडे मागवले, माहीत असलेल्या सगळ्या कसोट्या लावल्या. आकडे निर्मळ निघाले. सरांनी अहवाल लिहिला, त्यांच्या सवयीप्रमाणे प्रत्येक निष्कर्षाआधी 'बहुधा' घालून. कंपनीच्या माणसाने अदबीने सुचवलं की एक वाक्य तरी सरळ असावं. आयुष्यात कोणी त्यांच्याकडे असं ठाम वाक्य मागितलं नव्हतं. ते थोडे सुखावले आणि त्यांनी लिहून दिलं: 'हा खेळ निष्पक्ष आहे. – प्रा. श्रीराम टोपरे.' तेव्हापासून ते वाक्य प्रत्येक पाखराच्या खाली, बारीक अक्षरांत, उडायच्या आधी झळकत होतं.

उन्हं कलल्यावर एकदा दारात एक मुलगी उभी राहिली. वय पंचविशीच्या पुढे, उन्हाने रापलेली, खांद्याला फवारणीच्या ड्रोनची पेटी. मी वैजयंती म्हैसने, दिनकर म्हैसनेंची मुलगी, असं तिने सांगितलं आणि आत यायच्या आधीच विचारलं, "सर, बाबांचं पत्र तुम्हाला मिळालं होतं का?"

सरांनी मान हलवली. दिनकर कसा आहे, असं त्यांनी विचारलं.

"गेले. दिवाळीनंतर. खुर्चीत बसल्या बसल्या." ती पेटी खाली ठेवत म्हणाली. "ॲम्ब्युलन्स पट्ट्यानंच बोलावली. आम्हाला तर मागून कळलं."

सर उभेच राहिले. ते आत जाऊन पाणी घेऊन आले, आणि तांब्या तिच्या हातात द्यायचा सोडून स्वतःच्याच हातात धरून बसले. शेवटी तिनेच तो त्यांच्या हातातून घेतला.

मग ती बोलत गेली. बाबांनी ऑफिस सोडून दिलं होतं. घराचा मागचा निम्मा भाग गेला. आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती, ती शेवटपर्यंत. सात महिने होत आले, पण बाबांचा फोटो अजून भिंतीवर लागलेला नाही. शिकलेला माणूस असून नादी लागला, खेळ तर म्हणे तपासलेला होता, मग अक्कल याचीच कमी, असं गल्ली म्हणते, आणि आईलाही ते पटलं आहे. फोटो कपाटात आहे, साड्यांच्या घडीत, पालथा.

"पैशाचं जाऊ द्या," वैजयंती म्हणाली. "माझे बाबा बावळट होते का, एवढंच मला माहीत करून घ्यायचंय. ते तुमच्या उत्तराची वाट पाहत होते. पोस्टमन आला की बाहेर जाऊन उभे राहायचे."

सरांनी खाली मान घालून, अडखळत, जे आजवर लिहिलं नव्हतं ते सांगायला सुरुवात केली. माणसाला योगायोगात अर्थ दिसतो, पट्ट्याचं म्हणजे तसंच काहीसं, दिनकरसारख्या माणसालाही तो चकवा...

तिने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "मग तसंच लिहायचं होतं नं, सर. दिनकर, तू बावळट आहेस, असं. तुमच्याकडून आलं असतं तर त्यांनी तेही मानलं असतं. खेळणं सोडलं असतं."

सरांची नजर कोशाकडे गेली.

थोड्या वेळाने ती स्वतःच नरमली. म्हणाली, पण पट्ट्याचं खरं आहे. ती खेळत नव्हती, तिला त्यात काडीचा रस नव्हता. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली की बाबा यायचे, 'दे गं हात' म्हणून पट्टा तिच्या मनगटावर चढवायचे आणि शेजारी बसून बोटाने खेळायचे. तेव्हा पाखरू कधी आधी जाई, कधी नंतर, कसंही. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर पट्टा असला की मात्र ते उतरवणार तोच जाई. दरवेळी नाही, पण फार वेळा. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

नाडीपट्टा सगळ्यांच्याच हातावर असे, सरकारी आरोग्य योजनेतून मिळालेला. हातांना कंप असलेल्या रुग्णांसाठी तो शोध लागला होता. माणसाच्या मनात हालचाल करायचं येतं, त्याच्या कितीतरी आधी मनगटाच्या शिरा, घाम आणि नाडी त्याची चाहूल देतात, हे त्यात ध्यानात आलं. नुसती चाहूलच नाही. माणूस निवांत आहे की हट्टाला पेटला आहे, आता तो लगेच सोडेल की ताणून धरेल, याचाही अंदाज पट्टा चांगला बांधू शके. 'झेप' पट्ट्याला जोडावाच लागे. खेळणाऱ्याच्या तब्येतीच्या काळजीपोटी, असं नियमांत लिहिलं होतं. आणि दिनकरच्या काळजीपोटी पट्ट्याने खरोखरच ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

सर मनाशी एकेक मांडू लागले. आकडे खरे होते, हे त्यांनी तपासलं होतं. ही मुलगी खरं बोलत होती, हे दिसत होतं. आणि दिनकर... दिनकर तर त्यांच्या वर्गात चिठ्ठ्या काढायचा.

कॉलेजच्या शेतावर नव्या वाणाची चाचणी असली की सर एक पत्र्याचा डबा घेऊन जात. शेताचे वाफे पाडलेले असत. कोणतं बियाणं कोणत्या वाफ्यात पेरायचं हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठी काढून ठरवायचं, हा त्यांचा कडक नियम. बियाणं अस्सल असेल, माती अस्सल असेल, मोजमाप बिनचूक असेल, तरी नको ते वाण मुद्दाम खडकाळ वाफ्यात टाकलं तर सगळी चाचणी खोटी. 'बियाण्याकडे नंतर पाहा,' ते मुलांना सांगत, 'आधी विचारा, जागा कोणी दिली?' डोळे मिटून चिठ्ठी काढायला दिनकर नेहमी पुढे असे. एकदा त्याने गमतीत विचारलं होतं, सर, डोळे मिटले आहेत हे कोण तपासणार. सगळा वर्ग हसला होता.

"वैजयंती," सर म्हणाले, "या खेळात टेबल कोण निवडतं?"

"टेबल? ते आपोआप मिळते. एक खेळी झाली की गेम पुढच्या टेबलावर बसवून देते. जिथं जागा असेल तिथं."

"प्रत्येक खेळीला नवं?"

"हो. वेळ वाया जाऊ नये म्हणून, असं लिहिलेलं असते. काहून?"

सरांनी कोशाखालचं पत्र बाहेर काढलं, पण ते उघडलं नाही. त्यांनी लाखो आकडे तपासले होते. सगळे टेबलांचे. कोणत्या टेबलावर कोणाला बसवलं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर मुलांचे गुण कापले, तो प्रश्न.

चाचणी त्यांनी मांडली, ती शेतावर मांडत तशीच. जुना डबा माळ्यावरून निघाला. त्यात चिठ्ठ्या घातल्या, प्रत्येकीवर एक आकडा: या पटीला पाखरू उतरवायचं. पट्टा सरांच्या मनगटावर, फोन वैजयंतीच्या हातात. प्रत्येक खेळीआधी नाणं उडवायचं. छापा आला तर सरांनी मनाप्रमाणे खेळायचं, वाटेल तेव्हा बोटाने टेबलावर टकटक करायची आणि तिने पाखरू उतरवायचं. काटा आला तर पाखरू उडाल्यानंतरच डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि तीवर असेल त्या आकड्याला उतरवायचं. त्या खेळीत सर केव्हा सोडणार हे सरांनाच आधी माहीत नसे, मग पट्ट्याला कुठून कळणार?

लावायला चहाच्या किमतीएवढंही नव्हतं. तरीही पहिल्या संध्याकाळी छाप्याच्या खेळींत सरांचे कान गरम झाले. पाखरू चढत होतं आणि त्यांना वाटत होतं, आणखी थोडं. त्यांनी टकटक करण्यासाठी बोट उचललं, आणि ते गेलं. पुढच्या वेळी त्यांनी ठरवलं, आता लवकर. लवकर बोट उचललं, ते त्याच्याही आधी गेलं. मग एकदा सापडलं. नंतर पुन्हा तसंच, नखाएवढ्या अंतराने. वैजयंतीने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "सर, तुम्ही अगदी बाबांसारखं तोंड करून राहिले."

ते ओशाळले. मान खाली घालून चष्मा पुसत राहिले. पत्नी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आपल्याला काय हवं आहे, केव्हा हवं आहे, कुठे आपला धीर सुटतो, हे एवढ्या वर्षांत कोणी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं. समोरचं यंत्र ते पाहत होतं, आणि त्याच्यासमोर आपण किती एकटे आहोत हे सरांना पहिल्यांदाच जाणवलं. दिनकर उठून का जाऊ शकला नसेल, ते त्यांना आता कळलं.

महिनाभर ती कामावरून परतताना येत राहिली. येताना कधी भाजलेल्या शेंगा आणायची, कधी सरांच्या स्वयंपाकघरात शिरून स्वतःच चहा टाकायची. सरांचं चहाचं भांडं पाहून तिने एकदा म्हटलं, हे तर बाबांच्या कॉलेजच्या वेळचं दिसते. सर हसले. आपण बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि लगेच दिनकरची आठवण होऊन त्यांनी कप खाली ठेवला.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी आकडे मांडले. काटा आलेल्या खेळी, म्हणजे चिठ्ठीच्या, नियमाबरहुकूम निघाल्या: दुपटीला निम्म्याच्या आसपास, चौपटीला चौथाई. छापा आलेल्या, मनाच्या खेळी तशा नव्हत्या. सरांनी ठरवलेल्या क्षणाच्या किंचित आधी पाखरू जाण्याचं प्रमाण इतकं होतं की योगायोग म्हणायला तोंड उरलं नाही. फोन तोच होता, पट्टा तोच, मनगटही तेच. फरक फक्त एक होता. एका ढिगातल्या खेळींत माणूस काय करणार हे आधी कळण्यासारखं होतं, दुसऱ्या ढिगातल्या खेळींत नव्हतं.

सरांनी तिला समजावून सांगितलं. कंपनी एकही आकडा बदलत नाही. तिला बदलायची गरजच नाही. हजारो टेबलं चालू आहेत, प्रत्येकावर पुढचं पाखरू कुठवर जाणार हे तिला ठाऊक आहे. लिफाफे तिनेच बंद केलेत. पट्टा सांगतो की हा माणूस आता अमुक इतका वेळ ताणेल. मग ज्या टेबलावरचं पाखरू त्याच्या जरा आधी जाणार, तिथे त्याला बसवायचं. घाबरून लवकर सोडणारा असेल, त्याला उंच जाणाऱ्या पाखराच्या टेबलावर, म्हणजे थोडं घेऊन तो उतरेल आणि वरचं जाताना पाहून तळमळेल. पुढच्या खेळीला तो ताणेल. टेबलं सगळी प्रामाणिक. लाख फोडून पाहा, ठसा जुळेल. लबाडी फक्त जागा देण्यात.

"आणि बाबा माझ्या हातावर पट्टा बांधायचे तेव्हा..."

"तेव्हा यंत्र तुझी नाडी पाहत होतं. तू भाजी निवडत होतीस. दिनकर केव्हा सोडणार ते तुझ्या मनगटावरून त्याला कळत नव्हतं. म्हणून त्याला कुठेही बसवलं जात होतं, इतरांसारखं."

सरांना क्षणभर आपल्याच स्पष्टीकरणाचा आनंद झाला होता. एक गुंता सुटला होता, तोही चिठ्ठ्यांच्या डब्याने. त्यांनी वर पाहिलं तेव्हा वैजयंतीचा चेहरा पांढरा पडला होता.

ती हळू बोलली. मागच्या वर्षी गणपतीत तिने बाबांना हात द्यायचं बंद केलं होतं. रोज तेच, तिला वैताग आला होता. हा हात तुमच्या जुगारासाठी नाही, असं आईसमोर सुनावलं होतं. बाबांनी पुन्हा मागितला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी सरांना पत्र लिहिलं.

"मी हात दिला असता तर, सर?"

असल्या प्रश्नाला धीराचं खोटं उत्तर द्यायचं असतं, हे सरांना ठाऊक होतं. पण ते त्यांना कधी साधलं नव्हतं. ते म्हणाले, सरळ खेळातही कंपनीचा वाटा असतोच, खेळत राहणाऱ्याचं सगळं जातंच, फक्त हळूहळू जातं. "वेळ लागला असता, एवढंच."

"वेळ मिळाला असता," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने चहा घेतला नाही. निघताना चप्पल घालता घालता, सरांकडे पाठ करूनच म्हणाली की उत्तर लिहाल तर बाबांच्याच नावाने लिहा. आई उघडेल. "पण माझ्या हातामुळे फरक पडत होता, हे आईला कळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सरांनी कंपनीच्या त्या अदबशीर माणसाला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. सरांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग म्हणाला, "सर, तुमचा अहवाल चुकलेलाच नाही. आकडे निष्पक्ष आहेत की नाहीत, एवढंच आम्ही विचारलं होतं. कोणाला कुठे बसवायचं, हा तुमचा विषयच नव्हता." शेवटी करारातल्या गोपनीयतेच्या कलमाची त्याने मोठ्या आदराने आठवण करून दिली. असल्या गोष्टी या वयात कोर्टात गेल्या की माणसाची सगळी कारकीर्द चघळली जाते, हेही जोडलं.

फोन ठेवल्यावर सरांना वाटलं, तो म्हणतो ते शब्दशः खरं आहे. त्यांना विचारलं गेलं तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं होतं. महिनाभराच्या खेळी म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने मूठभरच. एकच माणूस, एकच पट्टा. आपलं चुकत तर नसेल? दुसऱ्या कोणी तरुण, नावाजलेल्या माणसाने हे पुन्हा करून पाहिलं तर अधिक बरं नाही का? अशा शंका त्यांना जन्मभर घरच्यासारख्या होत्या. त्यांच्या आडोशाला बसून आणखी एक पाऊण वर्ष सहज काढता आलं असतं. तेवढ्यात घरोघरी पाखरं उडत राहिली असती, प्रत्येकाखाली त्यांचं नाव घेऊन.

त्यांनी परवाना देणाऱ्या कार्यालयासाठी सविस्तर टिपण तयार केलं. चाचणीची रीत, सगळे आकडे, आपलं कुठे राहून गेलं ते. आधीचं वाक्य मागे घेत असल्याचं लिहून खाली सही केली. ते लगेच धाडून टाकलं. त्याचं काय होईल कोण जाणे. अशा कागदांना पाय फुटायला वर्षं लागतात. हे काम तुलनेने सोपं होतं.

दिनकरचं उत्तर सोपं नव्हतं. मायन्यापाशीच गाडं अडलं. विद्यार्थ्याला ते नेहमी 'चिरंजीव' लिहीत. तो शब्द कागदावर उतरला आणि ते त्याच्याकडे बघत बसले. तो कागद त्यांनी फाडला. दुसऱ्यावर 'कैलासवासी' लिहायला गेले, पण कैलासवासी माणसाला कोणी पत्र लिहितं का? तोही फाडला. तिसऱ्यावर प्रस्तावना झाली, समजुतीचे चार शब्द झाले, आपल्या प्रकृतीचं झालं, आणि मुख्य गोष्ट पान उलटलं तरी येईना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं म्हणजे त्या मुलीच्या मनगटाचं आलंच. त्याच्याशिवाय पुरावा कुठे होता? पुरावा गाळून नुसता निष्कर्ष लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, परत आले. मग त्यांनी तो गाळला.

सकाळी ते पोस्टात गेले. आता तिथे पार्सलांचीच गर्दी. खिडकीतल्या मुलीकडे त्यांनी पोस्टकार्ड मागितलं, तेव्हा तिला खालचे दोन कप्पे धुंडाळावे लागले. सापडलं ते कडेने पिवळं पडलं होतं.

"काका, लिफाफा घ्या नं," ती म्हणाली. "कार्ड सगळेच वाचतात."

"वाचू दे," सर म्हणाले. आपला आवाज एवढा मोठा निघाला हे पाहून ते स्वतःच बिचकले.

बाळापूरच्या त्या गल्लीत हे कार्ड पोस्टमन वाचेल, दाराशी असेल तर शेजारीण वाचेल, कोपऱ्यावरचा दुकानदार वाचेल, आणि मग ते मंदाताईंच्या, दिनकरच्या पत्नीच्या, हातात पडेल. कंपनीच्या वकिलालाही वाचायचं तर अडथळा नव्हता. सर बाकावर बसले. मायना त्यांनी सोडूनच दिला. पत्ता लिहिला, श्री. दिनकर म्हैसने यांना, आणि मग मजकूर, अक्षर लागेल असा:

"दिनकर, उत्तराला उशीर झाला. तुझा पहिला प्रश्न: आकडे मी तपासले होते, ते खरे आहेत. पण कोणाला कोणत्या टेबलावर बसवतात ते मी तपासलं नाही. तिथे लबाडी आहे. तू केव्हा सोडणार हे आधी ओळखून तुला हरणाऱ्या जागी बसवलं जात होतं. तुझा दुसरा प्रश्न: तू खोटं पाहत नव्हतास. तू पाहिलंस ते बरोबर होतं, आणि ते माझ्या आधी पाहिलंस. खेळ निष्पक्ष आहे हे माझं वाक्य चूक आहे. त्यावर तू विश्वास ठेवलास, यात तुझा बावळटपणा नव्हता. मी तुझा शिक्षक होतो. – श्रीराम टोपरे."

लिहून झाल्यावर त्यांनी एकदा वाचून पाहिलं. 'बहुधा' कुठेच आलं नव्हतं. 'लबाडी आहे' याच्या आधी ते घालावंसं वाटलं, जागाही होती. त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

खिडकीतल्या मुलीने कार्ड घेतलं, आणि घेता घेता तिची नजर मजकुरावरून फिरली. ती वाचत असताना सरांनी एरवी दुसरीकडे पाहिलं असतं. आज ते तिच्याकडे पाहत उभे राहिले. तिने वाचून संपवलं. शिक्का मारला आणि कार्ड बाळापूरच्या थैलीत टाकलं.